लोकरीचा दोर

तुवाकने उभ्या आयुष्यात अंथरूण कधी हाताने उचललं नाही. सकाळी उठली की लांब दांड्याचा चिमटा घ्यायचा, गोधडीचं टोक पकडायचं, झटकन उलटायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. खाली काही नाही असं बघून झालं की "हं" म्हणायचं, मग हात लावायचा. गोशागुईची पोरं तिची ही नक्कल करत मोठी झाली. आता त्यांची पोरं करतात. गोशागुई म्हणजे जोडविहीर. एकीचं पाणी गोड, दुसरीचं खारट, आणि दोघींच्या भोवती काराकुमची वाळू, कुठवर ते वाळूलाच ठाऊक.

आज तिने चिमटा दोनदा चालवला. एकदा आपल्या अंथरुणाखाली, एकदा त्या लोकरीच्या जाड बुरणुसाखाली, जो तिने सेल्बीसाठी उन्हात टाकला होता. सेल्बी यायची होती. मारी शहरातल्या शाळेत पोरांना किडे-पाखरं आणि झाडंझुडं शिकवता शिकवता तिचे केस पिकले, आणि यंदा शाळेने तिला हारतुरे देऊन मोकळं केलं. दर वर्षी ती यायची ती परतीची गाडी ठरवूनच. यंदा निरोप आला होता, "दायझा, मी येते. कधी जायचं ते ठरवलं नाही."

त्या निरोपापासून तुवाकच्या डाव्या हाताचं पहिलं बोट मुंग्या आल्यासारखं झिणझिणत होतं. एरवी ते वारा फिरायच्या आधी झिणझिणतं. वारा तर फिरला नव्हता. खारट विहिरीकडच्या झुडपांची टोकं जागची हलत नव्हती. तुवाकने ते बोट उजव्या मुठीत धरलं, दारातल्या उन्हात बसली, आणि बसल्या बसल्या तिला तो उन्हाळा आठवला. सेल्बीचे दुधाचे दात पडत होते, तेव्हाचा.

*

आयना ही तुवाकची थोरली बहीण. सेल्बीला जन्म देऊन तिने त्याच पहाटे डोळे मिटले. बहिणीच्या लेकराला परकी आई नको, म्हणून चार वडीलधाऱ्यांनी बसून तुवाकची गाठ आयनाच्या नवऱ्याशी, मेरेदशी बांधली. लग्नात तिने माहेराहून आणलं काय, तर विणकामाचा जड लोखंडी कंगवा आणि विंचवाची भीती. मेरेद मेंढरांमागे वाळूत, महिन्यामहिन्याने घरी यायचा, यायचा तोच हसत, "काय, आज किती विंचू मारलेस?" सेल्बी बोलायला लागली तेव्हा तुवाकला दायझा म्हणाली. दायझा म्हणजे मावशी. आईला एजे म्हणतात. पण एजे हा शब्द आयनाचा होता आणि तुवाकने तो कधी मागितला नाही. तिला पोर मिळाली होती, शब्दाचं काय एवढं.

उन्हाळ्यात अंगणातल्या वाळूवर बुरणूस पसरायचा, त्यावर अंथरूण, आणि अंथरुणाभोवती मेंढीच्या लोकरीचा वळलेला दोर गोल टाकायचा. मेंढी विंचवाला खाते, म्हणून विंचू मेंढीच्या लोकरीवर पाय ठेवत नाही. हे सगळ्या वाळूला माहीत. दोर टाकताना तुवाक गुणगुणायची,

*दोर गं लोकरीचा, टाकिला भोवताली,*
*इंगळी मागं गेली, नीज बाळा.*

सेल्बी "बाळा" म्हणायच्या आत झोपलेली असायची.

त्या उन्हाळ्यात ओगुलगेरेकच्या अंगणात बुरणूस वळायचा होता. ओगुलगेरेक म्हणजे शेजारची थोरली वहिनी. जिभेला धार अशी की मेंढरं कातरायची कात्री उसनी मागायची गरज नाही. बाया लोकर झोडत होत्या, लव्हाळ्याच्या चटईवर पसरत होत्या, वर कढत पाणी शिंपडून ओळीने गुडघ्यांवर बसून कोपरांनी गुंडाळी लोटत होत्या. ओगुलगेरेकची सून दिवसांत होती, सावलीला बसून चहा ओतत होती. सेल्बी तिच्याजवळ गेली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "लाथ मारतंय!"

"अगं ए तुवाक!" ओगुलगेरेकने कोपर न थांबवता हाक मारली. "आवर तुझ्या त्या पिल्लाला. सुनेच्या पोटाला हात नको लावू म्हणावं."

"हातच लावतेय ना वहिनी, चावत तर नाही."

"विंचवाचं पिल्लू ते! आईच्या पाठीवर बसून आईलाच खाऊन उतरलेलं. माझ्या सुनेचे दिवस भरलेत बाई, मला धस्स होतं."

दोघीतिघी हसल्या. दोघीतिघी हसल्या नाहीत, पण कोपरं सगळ्यांचीच चालू राहिली. बोलणाऱ्या बाईच्या मनात फार काही नव्हतं. विंचवाची पिल्लं आईला खातात हे काही तिने शोधून काढलेलं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं, तोंडात बसलेलं, त्या दिवशी घसरलं इतकंच. पण सेल्बीने हात पाठीमागे नेला, तो दिवसभर पाठीमागेच ठेवला.

संध्याकाळी तिने भाकरी घेतली नाही. आपला छोटा बुरणूस ओढत नेला आणि दोराबाहेर, पार तंदूरच्या भिंतीजवळ जाऊन पडली.

"आत ये," तुवाक म्हणाली.

"नको."

"का गं?"

"तू संपशील."

तुवाकला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती उठून तिच्याजवळ गेली. "कोण म्हणतं? खोटं आहे ते सगळं!"

"तू पाहिलंयस?"

आता काय सांगणार? विंचवाच्या नुसत्या नावाने जिच्या पाठीला घाम सुटतो, ती त्याचा संसार कुठून बघणार! पोर झोपल्यावर तिने दुसरा दोर आणला आणि तिच्याभोवती टाकला. सकाळी सेल्बीने उठून तो दोर पाहिला. पण रात्री पुन्हा बाहेरच झोपली. तुवाकच्या हातचा घास घेईना. ताटलीतली भाकरी स्वतः उचलून, पाठ फिरवून खाई. तुवाक केस विंचरायला बसवी तर अंगाला अंग लागू नये म्हणून पुढे सरकून बसे. खरबुजं संपली की शाळेचा ट्रक येणार होता, मेंढपाळांच्या पोरांना शहरातल्या वसतिगृहात नेणारा. पोर एकदा ही गाठ मनात घेऊन ट्रकात बसली, तर ती सोडवायला तिथे कोण होतं?

*

मग एका संध्याकाळी जळण काढताना तुवाकने चिमट्याने तंदूरजवळची वीट उलटली. खाली विंचवीण होती. तुवाकचा पाय सवयीने वर गेला. खाली येणार, एवढ्यात तिला दिसलं की विंचविणीची पाठ पांढरी आहे. कोणी शिजलेल्या भाताची शितं पाठीवर ओतावीत तशी पांढरी. आणि ती शितं हलत होती.

पाय हवेत तसाच राहिला. मग तुवाकने तो हळूच मागे ठेवला आणि हाक मारली, "सेल्बी! ये इकडे. लांबून बघ."

त्या दिवसापासून रोज ऊन कललं की दोघी विटेपाशी. तुवाक चिमट्याने वीट उचलणार, दात एकमेकांवर दाबलेले. आणि सेल्बी पालथी पडून, हनुवटी वाळूवर टेकून बघणार.

"दायझा, ती आंधळी आहे का? हात पुढे करून चालते."

"असेल. डोळे आहेत म्हणतात पुष्कळ, पण कामाला एकही येत नसेल. माझ्या आत्यासारखं."

"पोटाखाली काय आहे तिच्या? दोन कंगवे!"

तुवाकने मान वाकडी करून पाहिलं. खरंच की. पोटाखाली दोन्ही अंगांना दोन छोटे कंगवे, दाते वाळूला टेकवत ती चालत होती, जशी तुवाक मागावर कंगवा टेकवत जाते. "विणकरीण दिसते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच विंचवाकडे बघताना तिचे दाबलेले दात सुटले.

एकदा एक पिल्लू पाठीवरून घसरलं. विंचवीण थांबली. पुढची चिमट्यासारखी नांगी खाली टेकवून उभी राहिली, अगदी उंटीण बसवावी तशी, आणि ते नांगीवरून चढून पुन्हा आपल्या जागी गेलं. एकदा तिने किडा धरला. काठीसारखी स्तब्ध उभी होती, किडा दोन बोटांवर आला आणि नांगीत सापडलासुद्धा. शेपूट उगारायचे कष्टही घेतले नाहीत. ती तो किडा सावकाश चघळत राहिली, आणि पाठीवरची सगळी पोरं चिडीचूप.

"त्यांना नाही देत ती?"

"मागतायत कुठे ती? बघ ना, एकाचंही तोंड हलत नाही."

"मग जगतात कशावर?"

"येताना पोटात शिदोरी बांधून आली असतील."

सेल्बीने वाळूला विचारल्यासारखं विचारलं, "मी आणली होती?"

"तू? भरपूर! अशी गुटगुटीत होतीस की सुईण म्हणाली, ही तर चालतच आली."

सेल्बीने हसू दाबलं. पण पोर पक्की होती. "सगळी खाली उतरू देत," ती म्हणाली. "उतरल्यावर ती चालली तर ते खोटं. मग मी आत झोपेन. नाही चालली तर खरं."

"बरं," तुवाक म्हणाली. आणि त्या दिवसापासून, जिने जन्मभर विंचू मरावेत म्हणून देवाला विनवलं, ती एका विंचविणीच्या आयुष्यासाठी विनवू लागली.

काही दिवसांनी शितांनी कात टाकली. विंचविणीच्या पाठीवर पांढऱ्या सालींची रास, आणि सालींमधून बाहेर आलेली पोरं आता आईच्याच रंगाची, चुणचुणीत, शेपट्या वळवून बसलेली. एखादं खाली उतरून बघायचं आणि पुन्हा वर पळायचं.

"उद्या-परवा उतरतील बघ," तुवाक म्हणाली. ती कणीक मळत होती, मेरेद मेंढरं घेऊन आला होता, सगळी गडबड. मेंढरं खरजेच्या औषधाच्या हौदातून काढून आणलेली, अंगणभर डांबरासारखा उग्र वास.

"दायझा, आज रात्री दुसरा मोठा विंचू येऊन तिला खाईल. बाबा म्हणाला, ते एकमेकांना खातात."

"हो का."

"मग तिच्याभोवती दोर टाकायला हवा. तू मला टाकतेस तसा."

"हो हो, टाकू," तुवाक कणकेला म्हणाली.

*

पहाटेच मेरेद मेंढरं घेऊन निघून गेला. तुवाक तंदूर पेटवायला गेली आणि तिला विटेभोवती दोर दिसला. अगदी विटेला चिकटवून, दोन वेढे घालून, नीट गाठ मारून. गाठ लहान बोटांची होती. दोर मेंढ्याच्या गळ्यातला होता, औषधात भिजलेला, अजून ओला; जवळ जाताच नाक झोंबलं.

तिने चिमट्याने वीट उचलली. विंचवीण उताणी पडली होती, पाय पोटाशी दुमडलेले. आणि पोरं जिवंत होती. आईच्या पोटावर, कंगव्यांवर, तोंडावर इकडून तिकडे फिरत होती. जे ओगुलगेरेक वहिनी म्हणाली होती ते जसंच्या तसं, तंदूरच्या पायथ्याशी मांडून ठेवलेलं.

तुवाकने मागे वळून पाहिलं. सेल्बी भिंतीजवळ झोपली होती, तोंड उघडं, पडलेल्या दाताची खिडकी दिसत होती. तुवाकने रात्री टाकलेला दोर तिच्याभोवती गोल. पोरीने पाहिलं ते केलं होतं, आणखी काय? जिच्यावर जीव, तिच्याभोवती दोर टाकायचा.

तुवाक खाली बसली. मागावरचा कंगवा आणून त्याच्या दात्यांनी पोरं एकेक उचलली आणि खारट विहिरीकडच्या झुडपाखाली सोडली. ती क्षणात वाळूत शिरली, जणू तिथेच जन्मली. विंचविणीला तिने पुरलं. औषधाचा दोर लाकडांमागे भिरकावला, घरातला कोरडा दोर आणून त्याच जागी टाकला, तेवढेच वेढे, तशीच गाठ. वीट जागच्या जागी ठेवली.

सेल्बी उठली तेव्हा तिने सांगितलं, "दिवसा वीट उचलायची नाही, तिला ऊन लागतं. जा, वहिनीच्या करडांना चरायला ने."

मग चिमटा आणि चहाचा वाडगा घेऊन तुवाक विंचू शोधायला निघाली.

आयुष्यभर न बोलावता येणारा विंचू त्या दिवशी बोलावूनही येईना. तिने दगड उलटले, वाळलेलं शेण उलटलं, मोडक्या गाडीच्या फळ्या उलटल्या. दर वेळी आधी डोळे मिटायची, उलटायची, मग एक डोळा उघडायची. एक सापडला तो चिमट्यात चिरडला. दुपार डोक्यावर आली. शेवटी साक्सौल झुडपाच्या जळणात, एका खोडाच्या सुटलेल्या सालीखाली एक दिसला. चिमट्याला जागा नव्हती. तिने बुरणुसाचा तुकडा बोटांवर गुंडाळला, कारण मेंढीच्या लोकरीला विंचू शिवत नाही, आणि हात घातला.

त्याने लोकरीतून डंख मारला.

तुवाकने ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि डोक्याच्या रुमालाचं टोक त्यात कोंबलं. दुसऱ्या हाताने वाडगा पालथा घातला. विंचू आत. मग ती वाडग्याशेजारी आडवी झाली. बोटातून निखारा खांद्यापर्यंत चढत होता.

"काय गं, भर उन्हात वाळूत लोळतेयस?" ओगुलगेरेक पाण्याच्या घागरी घेऊन निघाली होती. जवळ आली तशी घागरी टेकवल्या. "अगं बाई! चावला? मग ओरडत का नाहीस?"

"पोर ऐकेल."

ओगुलगेरेकने तिचं बोट पाहिलं, डोक्याच्या रुमालाची पट्टी फाडली, मनगट आवळलं. घरात जाऊन मीठ आणलं आणि चोळलं. मग तिची नजर फिरली. पालथा वाडगा, त्याच्या आत खुडखुड. विटेभोवतीचा दोर. लाकडांमागचा दुसरा दोर. तो तिने उचलला, हुंगला, आणि पुन्हा विटेकडे पाहिलं. सेल्बी रोज त्या विटेपाशी पालथी पडते, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. ओगुलगेरेक जाडी होती, मंद नव्हती.

"माझ्या जिभेला हा चावायला हवा होता," ती म्हणाली. तेवढंच. वाडग्याखाली लाकडाची साल सरकवून तो तिनेच उचलला आणि विंचू विटेखाली सोडला, चणे सोडावेत तसा.

*

ऊन कललं. सेल्बी धावत आली. तिच्यामागे, न बोलावता, ओगुलगेरेक येऊन उभी राहिली.

तुवाकने डावा हात बाहीत लपवला आणि उजव्या हाताने वीट उचलली.

"पोरं?" सेल्बीने विचारलं.

"उतरली. गेली आपापल्या वाटेने. काल म्हटलं नव्हतं?"

"ही बारीक झाली."

"पोरं उतरली की आया बारीक होतात."

"मी नाही झाले," मागून ओगुलगेरेक म्हणाली.

सेल्बी हसली नाही. ती वाळूवर पालथी पडली, हनुवटी टेकवली. विंचू हलत नव्हता. शेपूट एका अंगाला पडलेली, नांग्या पुढे ठेवलेल्या. तंदूरच्या भिंतीची सावली विटेवरून पुढे सरकली, तरी हलला नाही. तुवाकच्या बोटातला निखारा आणि छातीतली धडधड एका तालात चालली होती. चाल रे. चाल गं. जो कोणी असशील तो चाल.

"चालत नाही ती," सेल्बी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम म्हातारा झाला.

ओगुलगेरेकने पाय उचलला आणि विटेमागच्या वाळूवर धप्पकन आपटला. "डास," ती म्हणाली.

वाळूने ती धप विंचवाला सांगितली. तो पायांवर उठला, नांग्या पसरल्या आणि चालू लागला. आंधळ्यासारखा हात पुढे करून, पोटाखालच्या कंगव्यांनी जमीन चाचपत. सेल्बी कोपरांवर उठली. तो दोरापाशी पोचला आणि थांबला. एका नांगीने लोकर चाचपली. मग दुसरीने.

"अडली," सेल्बी कुजबुजली. "लोकर आहे ना."

सगळ्या जणी थांबल्या. मग त्याने एक पाय दोरावर ठेवला, मग दुसरा, आणि शेपूट पाठीवर वळवून, सावकाश, दोर चढून पलीकडे उतरला. झुडपांच्या दिशेने त्याची बारीक नक्षी वाळूवर उमटत गेली.

"दायझा! तिने लोकर ओलांडली! विंचू ओलांडत नाही ना?"

तुवाकच्या तोंडून निघून गेलं, "आई ओलांडते."

सेल्बी उठली. गुडघ्यांची वाळू झटकली नाही. सरळ अंथरुणापाशी गेली, दोराबाहेर थांबली, दोन्ही पाय जोडून आत उडी मारली. "भाकरी," ती म्हणाली.

तुवाकने घास तोडून तिच्या तोंडात दिला. उजव्या हाताने.

"तुझा तो हात कुठाय?"

"तंदूरला भाजला."

ती झोपेपर्यंत ओगुलगेरेक अंगणात कारण नसताना घोटाळत राहिली. जाताना म्हणाली, "सून म्हणते, पोरगी उद्या येऊन पोटाला हात लावेल का? तिने हात लावल्यापासून बाळ हलतं म्हणे चांगलं."

त्या बोटाची जाण पूर्ण परत आली नाही. त्या हिवाळ्यात विणलेल्या पिशवीच्या काठावर विंचवाची नक्षी आहे, तिच्यात एक ओळ सैल गाठींची आहे. मेरेद म्हणाला, उसव. तुवाकने उसवली नाही.

*

सेल्बी आली ती दुपार ढळताना. डोळ्याला चष्मा, हातात दोन पिशव्या, एक पिशवी नुसत्या पुस्तकांची. तुवाकने तिचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. चहा झाला, भाकरी मोडली, उंटिणीच्या आंबट दुधाचा वाडगा इकडून तिकडे झाला. ओगुलगेरेक वहिनी जाऊन कैक वर्षं झाली. तिची नात, जिच्या आईच्या पोटाला सेल्बी रोज हात लावायची, तीच आता शेजारी राहते, तीच पाणी भरून देते.

"शाळेतून निघताना पोरांनी काय दिलं माहितेय?" सेल्बी म्हणाली. "काचेत ठेवलेला विंचू. म्हणे बाईंना आवडतो."

"अगं आई गं! आणला नाहीस ना?"

"नाही. शाळेतच ठेवला. मादी म्हणून चिठ्ठी लावली होती मुलांनी. मी चिठ्ठी बदलून आले." तिने चष्मा काढून पुसला. "नर होता तो. नर बारीक असतो, दायझा. आणि पोटाखालचे कंगवे त्याचे मोठे असतात, दाते जास्त."

तुवाक चहात बघत राहिली.

"आपलाही नरच होता," सेल्बी म्हणाली. "विटेखालचा. शेवटच्या दिवशीचा."

"असं?" तुवाक म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

"कॉलेजात दुसऱ्या वर्षी बाईंनी ताटलीत नर-मादी शेजारी शेजारी ठेवले. मी बघितलं आणि हसायला लागले. बाई म्हणाल्या, काय झालं? काय सांगणार?" तिने तुवाकचा डावा हात ओढून घेतला, ते बोट आपल्या दोन बोटांत धरलं. "तंदूरला भाजलं होतं, नाही का?"

"मग! तंदूरच तो. आणि इतकी वर्षं माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"तू कुठे बोललीस?"

दोघी हसल्या. तुवाकच्या हसण्यात दात राहिले नव्हते, सेल्बीच्या त्या उन्हाळ्यातल्यासारखे. हसता हसता सेल्बी थांबली. "आणि ती? पोरंवाली? तिचं काय झालं गं?"

खारट विहिरीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. तुवाकने हात सोडवून घेतला, चहाचे वाडगे एकात एक ठेवले.

"तिचं वय झालं होतं," ती म्हणाली. "पोरं उतरेपर्यंत थांबली बिचारी. मग गेली."

"हं," सेल्बी म्हणाली.

ऊन तांबूस झालं तशी ती उठली, चिमट्याने अंथरुणाची टोकं उलटून बघितली, अगदी तुवाकसारखी, दोन पावलं मागे सरून. बुरणूस पसरला, त्यावर दोघींची अंथरुणं शेजारी शेजारी टाकली. मग दाराआडच्या खुंटीवरून लोकरीचा दोर काढला.

तुवाक बसल्या जागेवरून बघत होती. सेल्बीने दोर दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला आणि हुंगला. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हातभर हातभर पुढे सरकवत. सवयीच्या माणसाने करावं तसं, काही विशेष करतो आहोत असं न वाटता. दोर कोरडा होता. धुराचा, धुळीचा, मेंढरांचा वास होता त्याला, औषधाचा नव्हता.

"झाला का हुंगून?" तुवाकने विचारलं.

"झाला," सेल्बी म्हणाली, आणि दोघींच्या अंथरुणांभोवती दोर गोल टाकत चालली. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. तुवाकने कान दिला. दोर गं लोकरीचा, टाकिला भोवताली. पुढची ओळ तिला आठवत नव्हती की काय, पुन्हा तेवढीच म्हटली.

पुढची ओळ तुवाकने म्हटली.